दातातले एकेचाळीस दिवस

पारसचा पहिला दात चिक्कीत अडकून पडला. खालचा, मधला, डाव्या बाजूचा. पोरानं आधी चिक्की तपासली, मग जिभेनं तोंडातली खिंड तपासली, आणि रडावं की मिरवावं हे काही ठरेना म्हणून तो सरळ आजीकडे गेला.

संध्याकाळी सुनेत्रा कामावरून आली तोवर आत्तींनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, दाताचं सगळं यथासांग उरकलं होतं. करंजवडे हे हुपरीच्या पलीकडलं गाव. इथं घराघरांत चांदीचे पैंजण होतात. इथल्या बाईच्या हातात कुठलीही पांढरी वस्तू आली की ती आधी उजळल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आत्तींनी दात रिठ्याच्या पाण्यात भिजवला, पैंजणांच्या ब्रशनं घासला, मलमलीनं पुसला आणि झाळाच्या डबीत घालून देवापुढं ठेवला. झाळ म्हणजे पैंजणाच्या कड्या ज्यानं सांधतात तो धातू. त्याचे बारीक तुकडे सासरेबुवांच्या काळापासून त्या डबीत पडून होते.

"आत्ती, मी सांगून गेले होते की. दात पडला तर कागदात गुंडाळा, हात लावू नका म्हणून."

"हात कुठं लावला? ब्रश लावला."

पारसला वेगळीच काळजी होती. वर्गातल्या सगळ्यांनी आपले दात छपरावर फेकले होते, उंदरासाठी. "उंदराला नाही दिला तर मला नवा येणार का?"

"येणार. उंदराच्या आधी मला बघू दे."

"तू काय बघणार?"

"तू जन्मलास तेव्हा काय काय जेवलास ते."

पारसनं डबीत डोकावून पाहिलं. त्याला काही दिसलं नाही. "मला विचार की," तो म्हणाला. "मी सांगतो."

सुनेत्रा हसली. सांगायची गरजच नव्हती. त्याच्या पहिल्या दीड वर्षाचा एकेक दिवस तिला पाठ होता, आणि म्हणून तर हा दात तिला हवा होता.

*

आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या खोलीत गेल्या महिन्यात एक यंत्र येऊन बसलं होतं. आकारानं शिलाई मशीनएवढं. दहा वर्षांपूर्वी हेच काम करायला अख्खी प्रयोगशाळा लागायची. आता ते टेम्पोतून, गादीत गुंडाळून येत होतं. गावानं त्याचं नाव दात-मशीन ठेवलं. सुनेत्रा रसायनशास्त्राची पदवीधर, ते चालवायचं प्रशिक्षण घेऊन आलेली. तिच्या वरच्या डॉ. तस्नीम मुजावर. आठवड्यातले तीन दिवस कोल्हापुरातून यायच्या आणि आल्या आल्या चहा मागायच्या.

दुधाचा दात बाळ पोटात असतानाच घडायला लागतो. रोज एक थर, केसाहून पातळ. झाडाच्या खोडात वर्षाचं कडं असतं, दातात दिवसाचं. जन्माच्या दिवशी बाळाला असा काही हिसका बसतो की त्या दिवसाचा थर वेगळा, गडद उमटतो. ती जन्मरेषा. तिच्या अलीकडचे थर पोटातले, पलीकडचे या जगातले. आणि ज्या दिवशी जो थर बसला, त्या दिवशी बाळाच्या रक्तात जे धातू फिरत होते ते त्या थरात कायमचे कोंडले जातात.

दात बांधायला लागतं मुख्यतः कॅल्शियम. पण शरीराची पारख फार काटेकोर नाही. स्ट्रॉन्शियम आणि बेरियम हे कॅल्शियमचेच भाऊबंद, वागायला त्याच्यासारखे. ते त्याच्या रांगेत घुसतात आणि त्याची जागा घेऊन बसतात. शिसं तसंच घुसतं. जस्त दाताला लागतंच. कॅडमियम कुणालाच नको असतं, तरी येतं.

"दिवाळीत फटाक्याचा हिरवा उजेड पडतो ना, तो बेरियमचा," सुनेत्रानं पारसला सांगितलं होतं. "आणि लाल पडतो तो स्ट्रॉन्शियमचा. ते दोघं तुझ्या दातात बसलेत."

"मग दात पेटवला तर?"

"पेटवायचा नाही."

यंत्रातल्या लेझरची सुई दाताच्या कापावरून एकेक दिवस खरवडत जाई. उडालेल्या वाफेतले अणू चुंबकाभोवती फिरवले जात. हलके एकीकडे, जड दुसरीकडे. पडद्यावर हिरवी रेघ बेरियमची, लाल स्ट्रॉन्शियमची, करडी कॅडमियमची.

सगळा खटाटोप त्या करड्या रेघेसाठी होता. जुन्या झाळात कॅडमियम असायचं, कारण त्यानं झाळ लवकर वितळते. त्याची वाफ छातीत जाते, तिथून मूत्रपिंडात जाऊन बसते आणि वीस-वीस वर्षं हलत नाही. नवी झाळ केव्हाच बिनकॅडमियमची झाली. पण कुणाच्या डबीत केवढा जुना तुकडा आहे ते कोण सांगणार? बायका तर चुलीशेजारी बसून झाळकाम करायच्या, पोटुशी असताना, पोर मांडीवर असताना. गावातल्या तीनशे बारा मुलांचे दात वाचले की कुठल्या घरात, कुठल्या महिन्यात, पोरानं कुठला धूर घेतला ते कळणार होतं. तसं दिसलं तर झाळकाम घरांतून उठून, धूर ओढणारे पंखे असलेल्या मोठ्या शेडमध्ये जाणार होतं. शेडची मंजुरी या यंत्राच्या शब्दावर अडली होती.

आणि यंत्राचा शब्द खरा की खोटा, हे आधी एका अशा दातावर ठरवायचं होतं ज्याची हकिकत दिवसावार माहीत आहे. हकिकत आधी लिहून पाकिटात बंद करायची, मग दात वाचायचा, मग दोन्ही शेजारी ठेवायचं.

सुनेत्रानं पाकिटात लिहिलं होतं: जन्म ते एकेचाळिसावा दिवस, पावडरचं दूध. बेचाळिसाव्या दिवसापासून चौदा महिने, आईचं दूध.

ते एकेचाळीस दिवस ती मिरजेला दवाखान्यात होती. बाळंतपणात रक्त गेलं, मग रक्तात जंतू झाले. त्यातले सव्वीस दिवस तिला आठवत नाहीत. शुद्धीवर आल्यावर तिथल्या सिस्टरांनी पंप लावून लावून दूध थोडंफार चालू केलं. पण पोर आता घेणार नाही, बाटलीची सवय झाली असणार, असं सगळ्यांनी बजावलं होतं. घरी आली, पारसला छातीशी धरलं, आणि तो क्षणभर नाक घासून असा प्यायला लागला की जणू रोजचंच. ही गोष्ट सुनेत्रानं गेल्या सहा वर्षांत किती जणांना सांगितली असेल याला गणती नाही. "पोरानं मला ओळखलं," हे तिचं शेवटचं वाक्य. ते म्हणताना प्रत्येक वेळी तिचा आवाज जरा ओला व्हायचा.

*

यंत्रानं पारसचा दात वाचायला पावणेदोन तास घेतले. मुजावर मॅडमनी पाकीट फोडलं, कागद पडद्याला टेकवला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"सुनेत्रा, हे जमंना झालंय."

बेरियमची गंमत अशी की पोटात ते जवळपास नसतं. पोटातली वार, म्हणजे अपरा, त्याला अडवते. जन्मानंतर दूध सुरू झालं की हिरवी रेघ चढते. आईच्या दुधानं बेताची चढते. पावडरच्या दुधानं मात्र कितीतरी उंच जाते. म्हणजे पारसच्या दातात जन्मरेषेनंतर एकेचाळीस दिवसांचा डोंगर दिसायला हवा होता, आणि मग उतार.

डोंगर नव्हता. पहिले दोन दिवस एक टेकाड, मग रेघ खाली येऊन सरळ चालायला लागली होती, बेताच्या उंचीवर, चौदा महिन्यांपर्यंत. मध्ये एकाच ठिकाणी, बाविसाव्या-तेविसाव्या दिवसाला, दोन काटे वर आले होते.

"आत्तींनी रिठ्यानं घासलाय दात," सुनेत्रा म्हणाली. "झाळाच्या डबीत ठेवलावता. त्यानं काहीतरी लागलं असणार."

"लागलं तर वरून लागेल. आपण आतला काप घेतलाय. आणि लागून बेरियम वाढेल, कमी कसं होईल?"

त्यांनी दुसरा काप घेतला. तिसरा घेतला. रेघ तीच, काटे तेच.

मुजावर मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "हे बघ. एकतर यंत्र चुकतंय, नाहीतर पाकीट. सोमवारी पुण्याहून माणसं येणार. यंत्र चुकतंय म्हणालीस तर ते परत जाईल, आणि पुन्हा कधी येईल देव जाणे; शेड तोवर कागदावर. बरोबर आहे म्हणालीस तर हकिकत तुला नव्यानं लिहायला लागणार, आणि ती सांगणारा माणूस लागणार. पडद्याकडं बघून लिहिलेली नको."

"मॅडम, हकिकत माझीच आहे की."

"तू बेशुद्ध होतीस," मुजावर मॅडम हळूच म्हणाल्या.

*

जेवताना सुनेत्रानं विषय काढला, जणू सहज.

"आत्ती, मी मिरजेला होते तेव्हा पारसला कुठली पावडर देत होता?"

आत्तींचा हात भाकरीवर थांबला. "डबा हुता. निळा."

"तांबडा," भरत म्हणाला. भरत तिचा नवरा. चांदी आटवायचं काम त्याचं, आणि घरातल्या बोलण्यात तो नेहमी दोन वाक्यं मागं. "मीच आणलावता. एकच आणला आणि मी तितं मिरजेला तुझ्यापाशी."

"एकच डबा? एकेचाळीस दिवसांना?"

"परत कुणी सांगितलंच न्हाई आणायला."

"निळाबी हुता," आत्ती म्हणाल्या. "तू गप जेव. ताक घे."

सुनेत्रानं ताक घेतलं. आत्तींनी त्यानंतर तिच्याकडे पाहिलं नाही, आणि आत्ती कुणाकडे न पाहणाऱ्यातल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं लाल रेघ उघडली.

स्ट्रॉन्शियमचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. त्यातला सत्त्याऐंशी वजनाचा अणू एका दुसऱ्या धातूपासून, रुबिडियमपासून, खडकाच्या आत हळूहळू तयार होत असतो. खडक जितका म्हातारा तितका तो साधारणपणे जास्त. कोल्हापूर-साताऱ्याकडचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. खडकांच्या दुनियेत अजून मिसरूड न फुटलेला. त्यावर पिकलेली ज्वारी खाऊन वाढलेल्या माणसाच्या हाडांत सत्त्याऐंशी कमी. सुनेत्राचं माहेर कराडजवळचं. पोटातल्या दिवसांच्या थरांत तो आकडा बरोब्बर कमी होता. बेचाळिसाव्या दिवसानंतरही कमी.

मधल्या दिवसांत तो चढला होता. तिसऱ्या दिवसापासून एकेचाळिसाव्यापर्यंत.

हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं, पण तेव्हा ते नुसतं पाठ केलं होतं. बाई पाजायला लागली की तिच्या ताटातलं कॅल्शियम पुरत नाही. मग शरीर तिच्या हाडांतून काढून देतं. ते निघताना लहानपणी हाडांत जाऊन बसलेलं स्ट्रॉन्शियमही सोबत निघतं. दूध काही ताटातलं असतं, काही बाईच्या माहेरच्या मातीतलं.

हिरवी रेघ म्हणत होती, हे बाईचं दूध आहे. लाल रेघ म्हणत होती, ही बाई इथली नाही.

सुनेत्रा उठली, घरी आली, स्वयंपाकघरातला पितळी डबा उघडला आणि मूठभर तांदूळ कागदाच्या पुडीत बांधला. चिन्नोर तांदूळ, बारीक, वासाचा. दर वर्षी तुमसरहून त्याचं पोतं यायचं. तुमसर म्हणजे भंडाऱ्याकडचं, मँगनीजच्या खाणींचं गाव. तिथले खडक दीडदोनशे कोटी वर्षांचे. थोरले दीर महावीर पैंजणांची पेटी घेऊन त्या बाजारात फिरायचे आणि एका वर्षी पेटी रिकामी करून तिथल्या खाणकामगाराची मुलगी लग्न करून घेऊन आले. पौर्णिमा. सुनेत्राची थोरली जाऊ, अक्का. अक्का माहेरचा तांदूळ वर्षभर पुरवून खायची आणि अर्धं पोतं माडीवरून खाली द्यायची.

तांदळाचा आकडा आला. दातातला चढ अगदी त्या आकड्याला जाऊन भिडत नव्हता, पण तोंड त्याच दिशेला होतं. जसं बरीच वर्षं इथं खाऊन राहिलेल्या, पण मूळच्या तिथल्या बाईचं असावं तसं.

सुनेत्रानं पुडी पुन्हा बांधली. अक्काची मुलगी पारसच्या आठ दिवस आधी जन्मली होती आणि तीन दिवसांची होऊन गेली होती. सुनेत्राला हे मिरजेहून आल्यावर सांगितलं गेलं. त्यानंतर अक्कानं पारसला कधी उचलून घेतलं नव्हतं. बारशाला ती दारात उभी राहून परत गेली. पारस दोन वर्षांचा असताना अंगणातल्या पायरीवरून पडला. अक्का चार हातांवर होती, पण तिनं त्याला उचललं नाही, सुनेत्राला हाक मारली. तो राग सुनेत्रानं नीट जपून ठेवला होता. दुःख समजू शकते, ती भरतला म्हणायची, पण लेकराचा काय दोष?

*

अक्का माडीवर राहायची. दुपारी ती घुंगरू ओवत बसलेली असे, समोर परात, हातात तार. सुनेत्रा जिन्यातून आलेली बघून तिनं परात जरा सरकवली.

"बस ना. पारसचा दात पडला म्हणे. गावभर दाखवून राहिला."

"अक्का, त्याच दातासाठी आले." सुनेत्रा बसली. वाटेत तिनं चार-पाच वाक्यं जुळवली होती, ती एकही आठवेना. "मी मिरजेला होते तेव्हा त्याला कुणी पाजलं?"

तारेवरून एक घुंगरू ओघळलं.

"आत्तींनं सांगतलं?"

"नाही. आत्ती निळा डबा, निळा डबा करतायत. दातानं सांगितलं."

"दाताले काय माहीत?"

"तुमच्या माहेरचा तांदूळ सापडला त्यात."

अक्कानं तिच्याकडे असं पाहिलं की ही थट्टा करतेय की काय. मग सुनेत्रानं सांगितलं. थरांचं, म्हाताऱ्या खडकांचं, हाडांतून निघणाऱ्या मातीचं. खाणकामगाराची मुलगी, खडकांचं तिला नव्यानं सांगायला नको होतं.

"म्हंजे माह्या गावचा दगड आहे त्याच्या दातात," ती शेवटी म्हणाली.

"आहे."

"वा रे बाप्पा."

तिनं परातीतली घुंगरं उगाच सारखी केली. "तिसऱ्या दिवशी आत्ती वर आल्या. माही पोरगी जाऊन आठ दिवस झाले होते. दूध काही थांबून नव्हतं राहिलं. फडकं बांधून बसली होती मी. खाली हा रडे, पावडर टाकून दे, उलटी करे. अन् हा रडला का इकडे माहं फडकं ओलं. आत्ती काहीच बोलल्या नाई. त्याले माह्या मांडीवर ठेवलं अन् दाराकडे तोंड करून बसल्या. कोणी येऊ नये म्हणून."

"एकेचाळीस दिवस?"

"तू येईपर्यंत. एक दिवस चुकला नाई." ती थांबली. "खोटं कशाले बोलू. दोन दिवस चुकले. मले ताप भरला होता, तेव्हा पावडर दिली."

सुनेत्रा पुढं सरकली. "कधी?"

"माही पोरगी महिन्याची झाली असती, त्या दिवशी भरला. दुसऱ्या दिवशी उतरला."

सुनेत्रानं बोटांवर मोजलं. आठ दिवसांची थोरली. तीस वजा आठ. बाविसावा आणि तेविसावा. ते दोन काटे तिनं घरात कुणालाही सांगितले नव्हते.

यंत्र बरोबर होतं. आणि ते बरोबर आहे हे कळताच तिला वाटलं होतं त्याहून वेगळंच काहीतरी तिच्या आत तुटलं. पोरानं तिला ओळखलं नव्हतं. पोराला छाती कशी धरायची हे आधीच माहीत होतं, कुणीतरी शिकवलं होतं. तो फक्त तसाच प्याला. सहा वर्षं सांगितलेली गोष्ट तिच्या हातात भुसभुशीत झाली.

"मला सांगितलं का नाही कुणी?"

"तू आली ते काडी होऊन. त्याले घेतलं, तो पिला, अन् तू सगळ्यांले सांगत सुटली, पोरानं मला ओळखलं म्हणून. तुह्या तोंडातून ते काढून कोण घेईल?" अक्कानं तार पुन्हा हातात घेतली. "आत्ती म्हणे, पोर आता आईकडे वळलं पाहिजे, तू दूर राह्य. म्या म्हटलं, राह्यते."

"पण नंतर? नंतर तरी जवळ घ्यायचं की त्याला. मला सहा वर्षं वाटत राहिलं, तुम्ही..." वाक्य पुरं करायची तिला लाज वाटली.

"कशी घेऊ? जवळ आला का पान्हा फुटे. वर्ष झालं, दीड झालं, तरी. तू समोर. तुले दिसलं असतं." तिनं एक घुंगरू ओवलं. "मग पान्हा आटला, पण सवय होऊन गेली होती. दुरून पाह्याची."

खाली अंगणात पारस कुणाला तरी तोंडातली खिंड दाखवत होता. "बघ, जीभ जाते. तुझी जाते का?" दोघीही ऐकत राहिल्या.

"मला सोमवारी हे लिहून द्यायचंय," सुनेत्रा म्हणाली. "नाव नाही लिहिणार. नुसतं, कुणीतरी पाजलं एवढं. तुम्ही नको म्हणालात तर तेही नाही."

"अन् नाई लिहिलं तर?"

"यंत्र परत जाईल."

अक्कानं कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं तिची स्वतःची झाळाची डबी होती, फुंकणी होती, भिंतीवर धुराचा काळा हात उमटलेला होता. पोटुशी असतानाही ती इथंच बसायची. ती त्या भिंतीकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, आणि सुनेत्राला कळलं की ही बाई मनात काय विचारतेय. त्याचं उत्तर कुठल्याच दातात नव्हतं. तीन दिवसांच्या पोरीला दात आलेले नसतात.

"लिही," अक्का म्हणाली. "नाव बी लिही. म्या काही चोरी नाई केली."

*

सोमवारी पुण्याची माणसं आली. मुजावर मॅडमनी नवी हकिकत आणि रेघा शेजारी ठेवल्या. ताप आलेले दोन दिवस बघून पुण्याचे एक वयस्कर गृहस्थ चष्मा काढून पुसत बसले.

सुनेत्रानं सही करायच्या आधी एक अट घातली. करडी रेघ सगळ्यांना सांगायची. धुराची गोष्ट लपवायची नाही. पण हिरवी आणि लाल रेघ झाकलेली ठेवायची. ती फक्त आईलाच दाखवायची, आणि तीही तिनं स्वतः येऊन मागितली तर.

"का हो?" त्या गृहस्थांनी विचारलं. "माहिती आहे, तर द्यावी."

"तीनशे बारा दात आहेत साहेब. म्हणजे तीनशे बारा घरं." तिला पुढचं नीट सांगता येईना. "दाताला काय झालं ते कळतं. का झालं ते नाही कळत. ते विचारायला जिना चढून जावं लागतं."

मुजावर मॅडमनी अट फॉर्मवर लिहिली. सुनेत्रानं सही केली.

घरी आली तर आत्ती अंगणात डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सुनेत्रा त्यांच्याशेजारी बसली आणि सुपातले खडे वेचायला लागली.

"निळा डबा नव्हताच," थोड्या वेळानं आत्ती म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मला वाटलं, तुझं काळीज फुटंल."

"जरा फुटलं," सुनेत्रा म्हणाली. आत्तींनी एक खडा उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला, जणू तो तिच्या वाट्याचा होता.

तेवढ्यात पारस आला, तोंडात बोट घालून. शेजारचा दात हलत होता. "काढ ना गं. दोऱ्यानं काढ."

"मला नाही जमत. वर जा, मोठ्या आईला सांग. तिच्याकडं बारीक तार आहे."

पारस जागचा हलला नाही. "ती मला हात लावत नाही," त्यानं साधं सांगितलं, जसं भिंत कडक असते तसं.

"आज लावंल. जा."

तो जिन्यावर गेला. पावलं वरपर्यंत ऐकू आली, मग थांबली. सुनेत्रा खडे वेचत राहिली. डाळ संपली. आत्ती सूप घेऊन आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या, वर बघितलं, पुन्हा आत गेल्या. कुठं एक घुंगरू वाजलं नाही.

अर्ध्या तासानं पारस खाली आला, तोंडात दोन दातांची खिंड घेऊन.

"एवढा वेळ काय करत होतास?"

"मांडीवर बसलोवतो. तिनं उठूच दिलं नाही." त्यानं जीभ खिंडीतून घालून पाहिली, आता ती आरामात जात होती.

"आणि दात कुठाय? दे, कागदात ठेवते."

"तिनं ठेवून घेतला," पारस म्हणाला. "म्हणाली, हा मशीनला द्यायचा नाही."